मन शरीरापलीकडं असतं का? रोज भूल देणारीचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या वडिलांची नागपुरात बायपास झाली, आणि तेव्हापासून ते सांगतात की ऑपरेशन चालू असताना मी वरून स्वतःला बघत होतो, डॉक्टरांचं बोलणं पण ऐकलं, आता मला मरणाची भीती नाही कारण मन शरीरापासून वेगळं असतं हे मी स्वतः अनुभवलंय. तर माणसाचं मन खरंच शरीरापलीकडचं काही असतं का, की सगळा खेळ मेंदूचाच?

मी भूल देते. शिकले मेडिकलला, आता नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेच्या भागात जिथं बोलावतील तिथं जाते, शिवाय आयसीयूची ड्यूटी असते. म्हणजे लोकांचं मन बंद करणं आणि परत चालू करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळं या प्रश्नावर माझं मत पुस्तकातून कमी आणि टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभं राहून जास्त बनलंय.

उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पटायचं नाही त्यांचा वेळ वाचेल. मला मन शरीरापलीकडचं वाटत नाही. पण बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच मन, असंही मला वाटत नाही, आणि बहुतेकांचा घोळ इथंच होतो, आतमध्ये काहीतरी चालू आहे आणि ते बाहेरून दिसत नाही म्हटल्यावर लोक त्याला थेट शरीराच्या पलीकडं नेऊन ठेवतात.

आता जनरल भूल देताना काय होतं ते सांगते. प्रोपोफॉल नावाचं पांढरंशुभ्र औषध असतं, आमच्या ओटीतली पोरं त्याला दूधच म्हणतात. वजनाच्या किलोमागं साधारण दीड-दोन मिलिग्रॅम शिरेतून दिलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस जातो. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं जे पेशींना गप्प बसवतं, प्रोपोफॉल त्याचा जोर वाढवतं. आकडे मोजायला सांगितले तर बोलता बोलता मध्येच आवाज थांबतो. आणि मग तीन तासांनी रिकव्हरीत काका डोळे उघडतात आणि विचारतात, "काहून जी मॅडम, आपरेशन कधी सुरू करता?" सिस्टर म्हणते झालं न काका, टाके पण पडले. तर म्हणतात, "काहीही नका सांगू बाप्पा."

हा प्रसंग इतका नेहमीचा आहे की आता आम्ही हसत पण नाही. पण यात एक मोठी गोष्ट आहे. झोपेतून उठल्यावर आपल्याला अंदाज असतो की बराच वेळ गेला, स्वप्नं पडली, कूस बदलली. भुलेत तसं काही नसतं, तीन तास कापून दोन टोकं शिवून टाकल्यासारखी असतात. मन जर वेगळी वस्तू असेल आणि शरीर म्हणजे तिचं फक्त राहायचं ठिकाण असेल तर त्या तीन तासांत ती होती कुठं? कुठंतरी बसून वाट बघत होती म्हणावं तर वाट बघितल्याचं तरी कळायला पाहिजे ना.

यावर मला एका आजोबांनी, निवृत्त शिक्षक होते, फार चांगलं उत्तर दिलं होतं. म्हणाले मन होतं पण लक्षात ठेवायला मेंदू लागतो आणि मेंदू तुम्ही बंद केला होता, म्हणून आठवत नाही. मुद्दा तर्काला धरून आहे आणि मी तो सोडून देणार नाही, कारण "आठवत नाही" म्हणजे "अनुभव नव्हता" असं होत नाही हे आमच्याइतकं कुणाला माहीत नसेल. मिडॅझोलम नावाचं औषध आहे, एन्डोस्कोपीच्या वगैरे आधी देतात. पेशंट तुमच्याशी बोलतो, हात वर करा म्हटलं तर करतो, दुखलं तर ओरडतो, आणि अर्ध्या तासानं त्याला विचारा, कोरी पाटी. अनुभव होता, नोंद झाली नाही. म्हणजे आजोबांचा पहिला अर्धा मुद्दा बरोबर आहे.

पण मग पुढं जा ना. लक्षात ठेवायला मेंदू लागतो हे मान्य केलं. बघायला मेंदू लागतो, डोक्याच्या मागच्या भागात स्ट्रोक आला की डोळे चांगले असून दिसत नाही. बोलायला लागतो. राग आवरायला लागतो, निर्णय घ्यायला लागतो, आपल्या पोराला पोरगा म्हणून ओळखायला लागतो. हे सगळं एकेक करून मेंदूच्या खात्यात गेल्यावर त्या वेगळ्या मनाकडं काम काय उरलं? हा प्रश्न मी आजोबांना विचारला तर ते म्हणाले साक्षी. त्याकडं नंतर येते.

आधी वरून दिसण्याचं बघू, कारण तुमच्या वडिलांना खोटं पाडायचं माझ्या मनात अजिबात नाही, त्यांना जे जाणवलं ते जाणवलंच.

एक तर बायपासमध्ये हार्ट थांबवलेलं असलं तरी मेंदूचं रक्त थांबलेलं नसतं. हार्ट-लंग मशीन ते काम करत असतं, आणि काही सर्जन धडधडत्या हार्टवरच ऑपरेशन करतात. त्यामुळं "हार्ट बंद होतं तरी मन चालू होतं" यात चमत्कार काही नाही, मेंदूला रक्त चालूच होतं. दुसरं, भूल कमी पडून मधेच जाग येणं ही खरी गोष्ट आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याचा मोठा आढावा घेतला होता, २०१४ ला अहवाल आला, त्यात साधारण १९,००० जनरल भुलींमागं एक जण स्वतःहून असं सांगतो असं निघालं. खोदून खोदून विचारलेल्या अभ्यासांमध्ये हे प्रमाण हजारात एक-दोन इतकं येतं. हार्टच्या ऑपरेशनात, सिझेरियनमध्ये आणि अपघाताच्या केसमध्ये धोका जास्त, कारण तिथं बीपी किंवा पोटातलं बाळ सांभाळायला भूल हलकी ठेवावी लागते. तेव्हा डॉक्टरांचं बोलणं ऐकलं असेल तर ते कानांनीच ऐकलं असण्याची शक्यता भरपूर आहे. वडिलांना पुढं कधी कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली, अगदी हर्नियाचं सुद्धा, तर भूलतज्ज्ञ आधी तपासायला येतात तेव्हा ही गोष्ट नक्की सांगायची. लोक हे देवाधर्माचं समजून लपवतात किंवा डॉक्टर हसतील म्हणून बोलत नाहीत. सांगितलं तर आम्ही कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरी बघणारा मॉनिटर लावतो, शून्य ते शंभर आकडा येतो, जनरलला ४० ते ६० मध्ये ठेवायचा असतो. तुमचे वडील त्या अनुभवातून खूश होऊन बाहेर आले हे नशीब म्हणा, काहींना वर्षभर वाईट स्वप्नं पडतात, रात्री दचकून उठतात, त्यांना नीट मानसोपचार लागतो.

राहिला वरून बघण्याचा भाग. केटामाइन हे औषध आम्ही भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगला वापरतो, खेड्यापाड्यातल्या छोट्या ऑपरेशनांना अजून वापरलं जातं कारण श्वास चालू राहतो. ते घेतलेले लोक उठल्यावर काय काय सांगतात! मी छताला चिकटलो होतो, खाली माझंच अंग पडलं होतं, बोगद्यातून चाललो होतो, फार शांत वाटत होतं. एका बाईंनी तर मला विचारलं, मॅडम मी मेली होती का? यात हार्ट बंद नाही, मरण जवळ नाही, फक्त एनएमडीए नावाच्या एका रिसेप्टरला, म्हणजे मेंदूच्या पेशीवर रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागेला, औषधानं अडवलंय. आणि २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी फिट्स येणाऱ्या एका बाईच्या मेंदूची तपासणी करताना उजव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागाला, अँग्युलर गायरसला, बारीक करंट दिला तर ती बाई म्हणाली मी वरून स्वतःला बेडवर पडलेली बघतेय. करंट बंद, अनुभव बंद. परत चालू, परत वर.

"मी इथं आहे, माझ्या या अंगात आहे" ही जाणीव आपल्याला इतकी पक्की वाटते की ती कुणीतरी बनवतंय हे डोक्यात येत नाही. पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर केलेले पेशंट बघा, पूर्ण शुद्धीत असतात. सुई देताना गुडघे पोटाशी घेतलेले असतात, नंतर आम्ही पाय सरळ करून ठेवतो, पण कित्येक जण म्हणतात मॅडम माझे पाय अजून वाकलेलेच आहेत, खाली करा ना. पडदा बाजूला करून दाखवलं की बघतात पाय सरळ पडलेत, आणि तरी म्हणतात नाही, वाकलेलेच आहेत. पायाकडून बातमी यायची बंद झाली तर मेंदू शेवटची बातमी धरून बसला. पायाचं जे होतं तेच सगळ्या अंगाचं होऊ शकतं.

कुणी खरंच वरून बघतं का हे तपासून बघायचा सरळ मार्ग पण काही लोकांनी वापरलाय. सॅम पार्निया या डॉक्टरांनी दवाखान्यांमध्ये उंच फळ्यांवर चित्रं ठेवली, जी फक्त वरूनच दिसतील, आणि हार्ट बंद पडून वाचलेल्यांना विचारलं. २०१४ ला पहिला निकाल आला, २,०६० अरेस्टचा, म्हणजे हार्ट बंद पडण्याच्या घटनांचा, अभ्यास होता, पण बरेचसे अरेस्ट फळ्या नसलेल्या खोल्यांत झाले त्यामुळं तो प्रयोग लटकलाच. दुसरा २०२३ ला आला, ५६७ अरेस्ट, त्यातल्या वाचलेल्या २८ जणांशी नीट बोलता आलं. यावेळी चित्र स्क्रीनवर होतं आणि कानात फळांची नावं ऐकवत होते. चित्र कुणीच ओळखलं नाही. कानातलं एकानं ओळखलं. डोळे बंद आणि कान उघडे असलेल्या माणसाकडून मी हीच अपेक्षा करेन.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त पटवतो तो. उलटं बघा, शरीरात थोडं बिघडलं की मन किती बदलतं.

मे महिन्यात नवतप्यात आमच्या नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कॅज्युअल्टीत उष्माघाताचे पेशंट येतात. आयुष्यात कुणाला अरे-तुरे न केलेला माणूस शिव्या देतोय, बायकोला ओळखत नाही, सलाईन उपटतोय. अंगाचं तापमान ४० च्या वर गेलं आणि डोकं बिघडलं की त्यालाच आम्ही उष्माघात म्हणतो, म्हणजे मन बिघडणं हे त्या आजाराच्या व्याख्येतच आहे. अंगावर पाणी, पंखा, काखेत बर्फ, ताप उतरला आणि वेळेत आला असेल तर तोच माणूस हात जोडून माफी मागतो. किंवा म्हातारी आजी, जेवण कमी, बीपीची पाणी काढणारी गोळी चालू, सोडियम १३५ च्या वर पाहिजे ते ११५ वर आलेलं. ती कोपऱ्यात मेलेल्या सासूशी बोलते. घरचे म्हणतात सासूबाई न्यायला आल्या. आम्ही मीठ हळूहळू भरून काढतो, दिवसाला आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नाही, घाई केली तर मेंदूला कायमची इजा होते. सोडियम वर आलं की सासूबाई परत जातात.

आणि मग तो आजार, ज्याबद्दल प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला पाहिजे असं मला फार वाटतं. चांगली हसती-खेळती पोरगी, कॉलेजात जाणारी, एकदम आठवडाभरात बदलते. झोपत नाही, वेगळ्याच आवाजात बोलते, घरच्यांवर धावून जाते, तोंड वेडंवाकडं करते, हात विचित्र हलवते, मग बोलणंच बंद. आमच्याकडं याला काय म्हणतात ते तुम्हाला माहितीये. अंगात आलं, बाहेरची बाधा आहे. मग मांत्रिक, दर्गा, बांधून ठेवणं, महिने वाया. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ यांच्या टीमनं याचं कारण नीट मांडलं. बऱ्याच तरुण मुलींमध्ये अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ असते, त्या गाठीत चेतापेशींसारख्या पेशी असतात, शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि त्या अँटिबॉडी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर जाऊन आदळतात. हो, तोच रिसेप्टर, ज्याला केटामाइन अडवतं, आणि आजाराचं नावच अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. अशा एका मुलीची गाठ काढायला भूल मी दिली होती, पोटातली गाठ, लिंबापेक्षा थोडी मोठी. गाठ काढली, स्टेरॉईड, इम्युनोग्लोब्युलिन वगैरे दिलं, आणि बरेच आठवडे गेले पण पोरगी परत आली, तीच पोरगी, त्याच चिडक्या स्वभावाची. कुणाच्या घरी तरुण मुला-मुलीत असा अचानक बदल दिसला तर आधी न्यूरोच्या डॉक्टरला दाखवा, देव कुठं पळून जात नाही.

इथं नेहमी रेडिओचं उदाहरण येतं. मेंदू म्हणजे रेडिओ, मन म्हणजे स्टेशनवरून येणारी लहर, रेडिओ बिघडला तर आवाज खराब येतो, स्टेशनला काय झालं? ऐकायला छान आहे. पण रेडिओ बिघडला तर खरखर येते, आवाज बारीक होतो, बातम्या देणारीचं मत बदलत नाही. इथं मतच बदलतं. डोक्याच्या पुढच्या भागाला मार लागलेला माणूस स्पष्ट बोलतो, हिशोब करतो, पण भिडस्त होता तो निर्लज्ज होतो, काटकसरी होता तो उधळ्या होतो. अमेरिकेत १८४८ मध्ये फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाची लोखंडी कांब आरपार गेली, तो जगला, चालत-बोलत होता, पण त्याला ओळखणारे म्हणायचे हा आता गेज राहिला नाही. नंतर तो बराच सावरला असं पण मानतात, ते आपली पुस्तकं सांगत नाहीत. असो. स्टेशनच जर प्रत्येक वेळी रेडिओच्या आत सापडत असेल तर बाहेरचं स्टेशन धरून ठेवायचं कशाला?

मग लोक विचारतात टेन्शननं बीपी वाढतं, विश्वासानं दुखणं कमी होतं, म्हणजे मन शरीरावर चालतं ना? चालतं, शंभर टक्के. मी तर त्यावरच पोट भरते. १९६४ मध्ये एगबर्ट नावाच्या भूलतज्ज्ञांच्या टीमनं दाखवलं होतं की ऑपरेशनआधी जाऊन पेशंटला नीट समजावलं, दुखेल कुठं, दुखलं तर काय करायचं, तर नंतर दुखण्याचं औषध जवळपास निम्मंच लागतं. पण हे होतं कसं? १९७८ मध्ये दात काढलेल्या पेशंटवर प्रयोग झाला, ज्यांना खोट्या औषधानं बरं वाटत होतं त्यांना नॅलोक्सोन दिलं, हे मॉर्फिन उतरवायचं औषध आहे, आमच्या ट्रॉलीत असतंच. तर बरं वाटणं कमी झालं. म्हणजे विश्वासानं मेंदूत स्वतःचं मॉर्फिनसारखं रसायन सुटत होतं. विश्वासाला पण उतारा आहे, आणि तो एका छोट्या ॲम्प्युलमध्ये येतो, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते.

आता साक्षी. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं मन आणि शरीर हे दोन वेगळे पदार्थ आहेत असं १६४१ मध्ये मांडलं, तर बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३ मध्ये पत्रातून सरळ विचारलं की ज्याला आकार नाही, जे कशाला टेकत नाही, ते शरीराला हलवतं कसं? त्याला धड उत्तर देता आलं नाही, आणि माझ्या मते अजून कुणाला आलेलं नाही. आपल्याकडची मंडळी याबाबतीत जास्त सावध होती. सांख्य दर्शनवाल्यांनी मन, बुद्धी, अहंकार हे सगळं प्रकृतीच्या बाजूला टाकलं, म्हणजे जडाच्या बाजूला, मग सूक्ष्म शरीर म्हणून ते पुढं जातं असं म्हणाले ही गोष्ट वेगळी, पण पलीकडं ठेवला तो फक्त पुरुष, जो काही करत नाही, नुसता बघतो. आजोबांचा साक्षी तो हाच. त्याच्याशी माझं भांडण नाही, पण जो काही करत नाही, काही आठवत नाही, काही ठरवत नाही, तो माझ्या ओळखीचा कसा? त्याला माझं मन कसं म्हणू? आणि आपण नागपूरकरांना तर दुसरं उत्तर पण घराजवळच आहे. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला जिथं बाबासाहेबांनी धम्म घेतला त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात, आणि तो धम्म आत्मा मानतच नाही. म्हणजे आत्मा नाही म्हटलं की माणूस नीतीनं कसा वागणार, ही जी भीती लोकांना वाटते, ती इथल्या लाखो घरांमध्ये रोजच्या रोज खोटी पडतेय.

म्हणून सगळं सुटलं असं मी म्हणत नाहीये. मीठ, गाबा, रिसेप्टर सगळं कळलं तरी त्या चरबीच्या गोळ्यात दुखणं "वाटतं" का, हा प्रश्न तसाच उभा आहे. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञानं १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूच्या शास्त्रज्ञाशी पैज लावली होती, कॉख म्हणाला २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. २०२३ ला कॉखनं हार मानली आणि वाईनच्या बाटल्या दिल्या. हे वाचून बऱ्याच जणांनी मला पाठवलं, बघा मॅडम, विज्ञान हरलं. अहो, पैज हरली. एखाद्या पोटदुखीचं कारण सोनोग्राफीत सापडलं नाही तर पोट दुखतंय ते पोटाच्या बाहेर असं कुणी म्हणतं का?

आणि थोडं थोडं पुढं जातंय पण. डोक्यावर बाहेरून चुंबकीय ठोका देतात आणि मेंदूत त्याचा पडसाद किती गुंतागुंतीचा उमटतो ते मोजतात. प्रोपोफॉलमध्ये पडसाद साधा, एका जागी उमटून विरतो. केटामाइनमध्ये माणूस बाहेरून तितकाच निपचित, हलवलं तरी हलत नाही, पण पडसाद जाग्या माणसासारखा गुंतागुंतीचा. २०१५ मध्ये हे छापून आलं. उठल्यावर प्रोपोफॉलवाल्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं, केटामाइनवाल्यांनी लांबलचक स्वप्नं सांगितली. दोघंही टेबलावर सारखेच दिसत होते! माझा मुद्दा सगळा इथं आहे. आत काय चालू आहे हे बाहेरून दिसलं नाही, पण ते मेंदूतच होतं आणि मोजता आलं.

याचा आमच्या कामावर परिणाम होतो, निदान व्हायला पाहिजे. १९७७ मध्ये टनस्टॉल नावाच्या डॉक्टरनं युक्ती काढली, स्नायू सैल करायचं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीचा पट्टा आवळायचा म्हणजे तेवढा हात चालू राहतो, आणि मग भुलेत असलेल्या पेशंटला सांगायचं माझा हात दाबा. २०१७ च्या एका अभ्यासात २६० पैकी १२ जणांनी दाबला. अशा लोकांना उठल्यावर सहसा काही आठवत नाही. म्हणून माझ्या ओटीत पेशंटच्या वजनावरून किंवा जातीवरून कुणी पांचट बोललं की मी थांबवते, सर्जन असला तरी. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर महिनोन्‌महिने काहीच प्रतिसाद नसलेल्या एका २३ वर्षांच्या मुलीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस असं मनात आण, आणि तिच्या मेंदूत तोच भाग पेटला जो तुमच्या-माझ्या मेंदूत पेटेल. २०२४ ला मोठा अभ्यास आला, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जण, म्हणजे चारात एक, आतून सूचना पाळत होते.

त्यामुळं आयसीयूच्या दारात नातेवाईक विचारतात, "मॅडम, त्याले ऐकू येते का जी?" तर कोमातल्या पेशंटच्या बाबतीत मी सांगते बोलत राहा, नाव घेऊन बोला, त्याच्या समोर जमिनीच्या वाटणीचं बोलू नका. आणि ब्रेन डेड असेल, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडला असेल आणि श्वास फक्त व्हेंटिलेटर देत असेल, तर सांगते, नाही, आता नाही. हे दुसरं सांगायला मला अजूनही जड जातं, कारण छाती वरखाली होत असते, अंग गरम असतं, आणि भाऊ म्हणतो हार्ट चालू आहे मग तुम्ही गेला कसं म्हणता. मन हृदयात असतं असं आपण सगळेच लहानपणापासून बोलत आलोय, त्याचा काय दोष. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यानं ब्रेन डेड ठरवायच्या तपासण्या ठरवून दिल्यात, दोनदा करायच्या, मध्ये किमान सहा तास सोडून. त्यात एक श्वासाची तपासणी असते, ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढायचा आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर जाऊ द्यायचा. जिवंत मेंदूचा सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना भाग इतक्यावर श्वास घेतल्याशिवाय राहूच शकत नाही. नातेवाईकांची इच्छा असेल तर त्यांच्यातल्या एकाला मी तेव्हा बाजूला उभं राहू देते, दहा मिनिटं समजावून जे होत नाही ते तिथं होतं. पुढं अवयव द्यायचे की नाही हा त्यांचा निर्णय, आणि दहाव्याला कावळ्याला पिंड ठेवायचा का हाही त्यांचाच, त्यात मी पडत नाही.